पाच मतांचा माणूस

आमच्या इंदापूर-बारामतीकडच्या माणसाला निवडणूक शिकवावी लागत नाही. ग्रामपंचायत झाली की सोसायटी, सोसायटी झाली की साखर कारखाना, कारखाना झाला की पंचायत समिती. पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, खरी लढत कधी होते? तो सांगेल, मतदानाच्या दिवशी नाही. खरी लढत त्याच्या आधी, तिकीट कुणाला मिळणार यावर होते. समोरच्या पक्षाशी भांडणे सोपे असते. आपल्याच मांडवातल्या माणसाशी भांडणे फार अवघड. अमेरिकेत यासाठी निवडणुकीआधी पक्षांतर्गत वेगळी निवडणूकच घेतात, तिला प्रायमरी म्हणतात. आपल्याकडे ती बंद खोलीत होते, एवढाच फरक.

दुसरा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. पडलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो? कुणी पक्ष बदलतो, कुणी बंडखोरीचा झेंडा उभारतो, कुणी घरात बसून पुढाऱ्यांना शिव्या देतो. पराभवानंतर त्याच आळीत, त्याच मतदारांच्या दारात पुन्हा उभा राहणारा विरळा. अशा माणसांचा विचार करताना मला नेहमी आठवतात ते दादाभाई नौरोजी. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना पितामह म्हणून पाहिले. पांढरी दाढी, पारशी पगडी आणि संपत्तीच्या गळतीचा सिद्धान्त. परीक्षेत त्यावर टीप लिहिली की दादाभाई संपले. परंतु या शांत चेहऱ्यामागे एक जिद्दी उमेदवार होता, हे पुस्तकात फारसे येत नाही.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घराणे नवसारीच्या पारशी दस्तुरांचे, म्हणजे पुरोहितांचे, आणि गरिबीचे. चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाईंनी मुंबईत मुलाला वाढवले. स्वतः फारशा न शिकलेल्या या बाईने मुलाला मात्र शिकवले. शाळा विनाशुल्क होती म्हणूनच हे शक्य झाले, आणि लोकांच्या पैशावर आपण शिकलो तेव्हा लोकांचे देणे फेडले पाहिजे, ही जाणीव दादाभाईंनी जन्मभर बाळगली. अकराव्या वर्षी गुलबाईंशी लग्न झाले. एल्फिन्स्टनमध्ये ते असे चमकले की पुढे तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. या संस्थेत असा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १८४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा काढल्या. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. मुलींना शिकवण्यासाठी घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करावी लागे. मला वाटते, लोकांच्या दारात उभे राहण्याची सवय त्यांना तिथेच लागली असावी.

१८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून ते लंडनला गेले. अफू आणि दारूच्या व्यापारातला नफा त्यांना मानवला नाही. त्यांनी ती पेढी सोडली आणि १८५९ मध्ये स्वतःची पेढी काढली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी गुजरातीही शिकवली. परंतु त्यांचे मन आकड्यांत होते. हिंदुस्थान गरीब का, हा प्रश्न त्यांनी भावनेने नव्हे तर हिशेबाने मांडला. सरकारचीच कागदपत्रे चाळून त्यांनी दाखवून दिले की इथल्या माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला अवघे वीस रुपये पडते. मधल्या काळात, १८७४ साली, मल्हारराव गायकवाडांच्या बडोद्यात ते दिवाण झाले. पण दरबार आणि रेसिडेंट यांच्या कचाट्यात तो कारभार फार दिवस टिकला नाही. पुढे मुंबईच्या नगरपालिकेत ते निवडून आले. १८८५ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा ते त्यात होते. ते अधिवेशन मुळात पुण्यात व्हायचे होते. कॉलऱ्याची साथ आली म्हणून ते मुंबईला, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत न्यावे लागले.

आता त्यांचे वय साठीला टेकले होते. आपल्याकडे या वयात माणूस नातवंडे खेळवतो. दादाभाईंनी मात्र विचार केला की हिंदुस्थानचा कारभार जिथे ठरतो त्या पार्लमेंटातच जाऊन बसले पाहिजे. १८८६ च्या उन्हाळ्यात लिबरल पक्षाने त्यांना लंडनच्या होलबर्न मतदारसंघातून उभे केले. हातात दिवस थोडे, मतदारसंघ विरोधी पक्षाचा बालेकिल्ला. निकाल लागला तेव्हा कर्नल डंकन यांना ३,६५१ मते होती आणि दादाभाईंना १,९५०. आमच्याकडे अशा वेळी म्हणतात, सपशेल आडवा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याला ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. देशात एवढा मान असताना परक्या मुलखात पुन्हा तोंडघशी पडायला कोण जाईल? दादाभाई गेले.

यावेळी त्यांची नजर सेंट्रल फिन्सबरीवर होती. घड्याळे जुळवणाऱ्या, दागिने घडवणाऱ्या कारागिरांची क्लार्कनवेल ही वस्ती त्या भागातली. तिथले खासदार होते हुजूर पक्षाचे फ्रेडरिक पेंटन. परंतु पेंटन यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच घरातली लढाई सुरू झाली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये लिबरल पक्षाच्या स्थानिक समितीने उमेदवार ठरवण्यासाठी मते घेतली आणि दादाभाईंची निवड झाली. रिचर्ड ईव्ह हे त्यांचे पक्षातलेच प्रतिस्पर्धी. त्यांच्या बाजूच्या लोकांनी ही निवड मानली नाही. मते नीट घेतली गेली नाहीत, पुन्हा बैठक घ्या, अशी ओरड झाली. एका पक्षाचे दोन गट पडले आणि दोन उमेदवार झाले. पक्षाच्या मुख्य कचेरीतल्या धुरिणांना वाटे की काळा माणूस निवडून यायचा नाही, जागा हातची जाईल. त्याने आपणहून बाजूला व्हावे हे बरे. वाचकहो, मुलूख बदलला तरी तिकिटाचे राजकारण बदलत नाही. फक्त आपल्याकडे जातीचा हिशेब मांडतात, तिथे कातडीचा मांडला गेला.

अशा वेळी दादाभाईंना दोन सोप्या वाटा मोकळ्या होत्या. मान राखून माघार घ्यायची, किंवा पक्षाला लाथ मारून निघून जायचे. त्यांनी दोन्ही केले नाही. रीतसर मते घेऊन आपली निवड झाली आहे, एवढेच ते शांतपणे सांगत राहिले. लवादाची बोलणी झाली, पत्रांचे ढीग पडले, वर्षे गेली. कामगारांच्या सभांना ते जात राहिले. आयर्लंडच्या स्वराज्याला, स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांनी पाठिंबा दिला. तिथल्या लोकांची सुखदुःखे त्यांनी आपली मानली. त्या काळी ब्रिटिश खासदाराला पगार नसे. तो १९११ मध्ये सुरू झाला. सभागृहाचे भाडे, छपाई, प्रतिनिधीचा पगार, सगळे उमेदवाराच्या खिशातून. देशातल्या संस्थानिकांनी आणि मित्रांनी हातभार लावला तरी तंगी कायमची होती.

त्यातच १८८८ च्या नोव्हेंबरात खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी एडिंबरोच्या सभेत होलबर्नच्या निवडणुकीचा उल्लेख करताना दादाभाईंना काळा माणूस म्हणून हिणवले आणि इंग्रज मतदार अशाला निवडून देणार नाहीत असे सुचवले. झाले उलटेच. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. लिबरल पुढाऱ्यांना आपल्या पक्षाची अब्रू राखायला दादाभाईंची बाजू घ्यावी लागली आणि त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी झडली. काल ज्यांचे नाव लोकांना उच्चारता येत नव्हते ते दादाभाई घरोघरी माहीत झाले. तरीही पक्षातला तिढा १८९२ ची निवडणूक तोंडावर येईपर्यंत सुटला नव्हता. चार वर्षे हा माणूस स्वतःच्याच तिकिटासाठी झगडत होता.

जुलै १८९२. दादाभाईंना मते मिळाली २,९६१ आणि पेंटन यांना २,९५६. पाच मतांचा फरक!

मी शिक्षकाची नोकरी केली, त्यामुळे निवडणुकीचे काम कपाळी लिहिलेले. कागदी मतपत्रिकांच्या दिवसांत मतमोजणीच्या टेबलावर मी रात्री काढल्या आहेत. पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधताना एखादी मतपत्रिका इकडची तिकडे झाली तर काय होते, हे मला ठाऊक आहे. म्हणून या पाच मतांकडे मी आदराने पाहतो. ही पाच माणसे कोण असतील? घड्याळाचे काटे बसवता बसवता उठून मत द्यायला गेलेला एखादा कारागीर? कधीतरी जिन्यात भेटलेल्या या म्हाताऱ्याशी दोन शब्द बोललेला एखादा छापखान्यातला कामगार? सहा वर्षे जो उमेदवार दारोदार फिरला नसता त्याला ही पाच मते मिळाली नसती. पेंटन यांनी निकालाविरुद्ध अर्ज केला आणि मग तो मागे घेतला. लंडनकरांनी नौरोजी या नावावर कोटी करून त्यांना नॅरो-मेजॉरिटी, म्हणजे काठावर निवडून आलेले, असे गमतीचे नाव ठेवले. दादाभाईंनी झेंद अवेस्तावर हात ठेवून शपथ घेतली.

या यशाची किंमतही होती. १८९३ मध्ये त्यांचा एकुलता मुलगा अर्देशर ऐन उमेदीत गेला. तो कच्छमध्ये डॉक्टर होता. बाप तेव्हा हजारो मैलांवर लंडनमध्ये होता. दादाभाईंच्या राजकारणावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण घरातली माणसे मागे ठेवून परक्या गावात पत्रांच्या ढिगात बसलेला तो बाप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्याच वर्षी २ जूनला कॉमन्स सभागृहाने ८४ विरुद्ध ७६ मतांनी ठराव केला की सनदी नोकरीची परीक्षा विलायतेबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी. सरकारने तो अमलात आणला नाही. १८९५ मध्ये पुन्हा निवडणूक आली आणि दादाभाई पडले. नशिबाची थट्टा पाहा, त्याच निवडणुकीत मुंबईचेच दुसरे पारशी, मंचरजी भावनगरी, हुजूर पक्षातर्फे लंडनच्या दुसऱ्या एका मतदारसंघातून निवडून आले.

मग तीन वर्षांच्या या खासदारकीने मिळवले काय? हिशेबी माणूस विचारणारच. दादाभाई खासदारकीनंतरही थांबले नाहीत, हे पहिले उत्तर. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी कमिशन नेमले गेले तेव्हा दादाभाई त्याचे सभासद होते. १८९७ मध्ये पुण्याहून तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले त्या कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेला गेले. म्हणजे साक्षीदाराच्या खुर्चीत आपला माणूस आणि समोर प्रश्न विचारणाऱ्यांतही आपला माणूस. १९०१ मध्ये दादाभाईंचा मोठा ग्रंथ निघाला आणि गळतीचा सिद्धान्त देशभर पोचला. १९०६ च्या जानेवारीत, ऐंशी वर्षे उलटल्यावर, ते नॉर्थ लॅम्बेथमधून पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पडले. त्याच डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये जहाल मंडळींना अध्यक्षपदी टिळक हवे होते आणि मवाळांना ते नको होते. दोन्ही बाजूंना मान खाली घालावी लागेल असे एकच नाव उरले होते. दादाभाई तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले आणि त्या व्यासपीठावरून त्यांनी स्वराज्याची मागणी केली. पक्षात दुफळी असताना कसे वागावे हे ज्याने फिन्सबरीत चार वर्षे सोसून शिकले होते, त्यालाच हे साधले. पुढल्याच वर्षी सुरतेला ते नव्हते आणि काय झाले ते आपण जाणतो.

१९०७ मध्ये ते मायदेशी परतले, वर्सोव्याला समुद्रकाठी राहिले आणि ३० जून १९१७ रोजी गेले. बाप गमावलेल्या त्यांच्या नाती, पेरीन, गोशी आणि खुर्शीद, पुढे गांधीजींच्या चळवळीत उतरल्या. क्लार्कनवेलमध्ये आज नौरोजी नावाचा रस्ता आहे. लंडनमध्ये ते ज्या एका घरात राहिले त्यावर २०२२ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. मुंबईच्या फोर्टातला दादाभाई नौरोजी रस्ता तर आपण सगळे जाता-येता तुडवतो.

मला मात्र पाट्यांपेक्षा आमच्याकडची तरुण पोरे आठवतात. तिकीट हुकले की ती फलक उतरवतात, पडली की फोन बंद करून बसतात. त्यांना दादाभाईंचा हिशेब सांगावासा वाटतो. चार वेळा उभे राहिले, तीन वेळा पडले, एकदा आले तेही पाच मतांनी. या हिशेबाच्या माणसाला देश पितामह म्हणतो.