फादर अँजेलो सेक्की : ताऱ्यांचा प्रकाश वाचणारे येशूसंघीय

इटलीतील रेज्जिओ एमिलिया येथे १८१८ साली जन्मलेले अँजेलो सेक्की वयाच्या पंधराव्या वर्षी येशूसंघात दाखल झाले. १८४७ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली; परंतु पुढच्याच वर्षी रोममधील क्रांतीमुळे येशूसंघीयांना शहर सोडावे लागले. इंग्लंड व अमेरिकेत आश्रय घेऊन फादर परतले, तेव्हा कॉलेजिओ रोमानोच्या वेधशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. शेजारच्या संत इग्नेशियस चर्चचा नियोजित घुमट कधी बांधलाच गेला नव्हता. तो पेलण्यासाठी उभारलेल्या भक्कम खांबांवर त्यांनी नवी वेधशाळा थाटली.

१८६३ पासून ते दुर्बिणीला लोलक जोडून ताऱ्यांचे वर्णपट पाहू लागले. छायाचित्रणाची सोय नव्हती. सारे डोळ्यांनी पाहायचे आणि हाताने रेखाटायचे. सुमारे ४,००० ताऱ्यांची त्यांनी गटवारी केली. तिसऱ्या गटातील तांबूस ताऱ्यांच्या वर्णपटात रुंद काळे पट्टे दिसत. प्रत्येक पट्ट्याची जांभळ्या रंगाकडील कड ठसठशीत असे, तर लाल रंगाकडे तो हळूहळू विरत जाई. चौथ्या गटात नेमके उलटे! चौथ्या गटाचे पट्टे कार्बनशी निगडित असल्याचे फादरांनी ओळखले. तिसऱ्याचे कोडे मात्र राहिले. तरीही जे दिसले तेच त्यांनी नोंदवले.

१८७० साली रोम इटलीच्या राज्यात सामील झाले. येशूसंघाच्या मालमत्ता जप्त झाल्या. नव्या सरकारने फादरांना मानाची पदे देऊ केली. पोप पायस नववे यांच्याशी असलेली निष्ठा सोडून ती स्वीकारणे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या कीर्तीपुढे सरकारनेही नमते घेतले व त्यांना वेधशाळेत राहू दिले. पोप पायस यांच्या निधनानंतर अवघ्या १९ दिवसांनी, २६ फेब्रुवारी १८७८ रोजी, फादरांनी देह ठेवला. पुढे वेधशाळाही सरकारकडे गेली.

१९०४ साली लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर यांनी ते कोडे सोडवले. तिसऱ्या गटातील पट्टे टायटॅनियम ऑक्साइडचे होते. टायटॅनियम या धातूचा एक अणू व ऑक्सिजनचा एक अणू, एवढाच हा वायुरूप रेणू. तो स्वतःभोवती ठराविक वेगांनीच फिरू शकतो, म्हणून त्याच्या एकेका पट्ट्यात असंख्य बारीक रेषा दाटीने उमटतात. फादरांनी टिपलेले विरत जाणे म्हणजे याच रेषांची रांग होती. २०१३ साली बृहल्लुब्धक तारकासमूहातील एका महाकाय लाल ताऱ्याभोवतीच्या वायूत, केवळ या फिरण्यातून उमटणाऱ्या रेडिओलहरींवरून, टायटॅनियम ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड हे दोन्ही रेणू ओळखण्यात आले.