दादासाहेब फाळके
धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर - १६ फेब्रुवारी १९४४, नाशिक) हे मराठी चित्रपट निर्माते, दिग्दर्शक व छायालेखक होते. त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा पहिला कथाचित्रपट होय. त्याआधी त्यांनी काढलेला सुमारे एक मिनिटाचा ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तुलनेने दुर्लक्षित राहिला असला, तरी पुढच्या कामाला लागणारे भांडवल त्याच्यामुळेच उभे राहिले.

पूर्वायुष्य
फाळके यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. १८८५मध्ये फाळके मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणाचा अभ्यास केला. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला, परंतु तेथे प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावले. पुरातत्त्व खात्यातील नोकरी, मुद्रणव्यवसाय, ‘प्रोफेसर केळफा’ (आडनावाची उलटलेली अक्षरे) या नावाने केलेले जादूचे प्रयोग असे उद्योग त्यांनी केले. १९११मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यावर ते याच माध्यमाकडे वळले. सततच्या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली होती. ती उपचारांनी परत आली. विमापत्रे तारण ठेवून ते फेब्रुवारी १९१२मध्ये लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील काम पाहून व विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन ते एप्रिलमध्ये परतले.

‘अंकुराची वाढ’
कॅमेरा हाती आला, तरी चित्रपटासाठी पैसे द्यायला कोणी पुढे येत नव्हते. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिन्याहून अधिक काळ थोड्याथोड्या अंतराने चौकटी टिपल्या. पडद्यावर बी फुटून त्याचा वेल होताना मिनिटभरात दिसे. निवडक मंडळींना तो दाखवल्यावर यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे आदींनी कर्ज देऊ केले. सरस्वतीबाईंनी (दुसऱ्या पत्नी) आपले दागिनेही दिले.

या लघुपटासाठी रोज एकच चौकट टिपली, असे अनेकदा सांगितले जाते; ते हिशेबात बसत नाही. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी दाखवत, आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. म्हणजे मिनिटाला ९६० चौकटी व ६० फूट फिल्म लागते. रोज एक चौकट धरली तर महिनाभराचे काम दोन सेकंदांत संपेल. तेव्हा दिवसाला तीसएक चौकटी घेतल्या असाव्यात. याउलट तीस दिवस अखंड चित्रण केले असते, तर सुमारे २६ लाख फूट फिल्म लागली असती. परदेशातून येणारी महागडी फिल्म इतक्या काटकसरीने वापरण्यातच या प्रयोगाचे मर्म आहे.

कमी स्मृती असलेल्या मोबाइल फोनवर प्रवाही व्हिडिओ वेगाने पुढे ढकलताना हीच युक्ती कामी येते: सर्व चौकटी उलगडण्याऐवजी मोजक्याच दाखवल्या जातात. फरक इतकाच, की फिल्मची प्रत्येक चौकट स्वतंत्र व पूर्ण असते. संगणकीय व्हिडिओत पूर्ण चौकटी थोड्याच असून उरलेल्यांत केवळ आधीच्या वा नंतरच्या चौकटींपासून झालेला बदल नोंदलेला असतो. म्हणून तेथे मागे जाणे अधिक अवघड. फिल्म मात्र उलटी फिरवली की पुरे.

चित्रपट कारकीर्द
‘राजा हरिश्चंद्र’ (३,७०० फूट) दादरच्या राहत्या घरी आकाराला आला. सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडत, ती धुण्यास मदत करत आणि कलाकार व तंत्रज्ञांचा स्वयंपाकही सांभाळत. स्त्री कलाकार न मिळाल्याने तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) तर राम व सीता दोन्ही तेच होते. ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. या पौराणिक चित्रपटांतील चमत्कार कॅमेऱ्यातच घडवले जात. दुहेरी चित्रणासाठी भिंग झाकून दांडीचे फेरे मोजत फिल्म मागे गुंडाळायची व त्याच चौकटींवर पुन्हा चित्रण करायचे, ही त्या काळची रीत होती. मोजणीत चूक झाली तर दोन्ही दृश्ये वाया जात, आणि ते फिल्म धुतल्यावरच कळे.

१९१८मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. मतभेदांमुळे फाळके काही काळ काशीला जाऊन राहिले व नंतर परतले. बोलपटांच्या आगमनानंतर त्यांचे महत्त्व ओसरले. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट.

उपलब्ध चित्रपट
त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या प्रती नष्ट झाल्या आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चे काहीच भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात असून, ते १९१७च्या पुनर्निर्मितीतील असावेत, असे काही अभ्यासक मानतात. भारत सरकारने १९६९पासून त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला.