देवघरातल्या तसबिरीतला माणूस

मैत्रिणींनो, घरात तुकोबारायांची तसबीर असेल तर एकदा नीट न्याहाळून बघा. खूप घरांत त्या तसबिरीतला चेहरा विष्णुपंत पागनीस नावाच्या नटाचा असतो!

विष्णुपंतांचा जन्म १८९२ चा. तेव्हा चांगल्या घरच्या बायकांनी नाटकात जाणं म्हणजे बदनामी, म्हणून पुरुषच लुगडं नेसून उभे राहत. गोड गळ्याचे विष्णुपंत नाटक मंडळीत गेले आणि स्त्रीपार्ट करून नावारूपाला आले. पण वय वाढल्यावर स्त्रीपार्टीला कोण विचारतो? (आपल्याला हे काही नवीन नाही म्हणा.)

१९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीत दामले आणि फत्तेलाल ‘संत तुकाराम’ काढत होते. तुकोबांसाठी पागनीसांचं नाव निघालं, पण फत्तेलालना ते पटेना. चालण्याबोलण्यात बायकी मऊपणा फार, असा माणूस तुकाराम कसा शोभणार? दामल्यांनी मात्र त्यांनाच घ्यायचं ठरवलं. आणि गंमत बघा, तोच मऊपणा पडद्यावर तुकोबांची माया होऊन उतरला.

त्यांच्यासमोर जिजाई होती गौरी. तुकोबा भजनात दंग, पोरं उपाशी, आणि ही शेण-गोवऱ्या, म्हैस सगळं बघणारी. चिडली की थेट विठ्ठलावर चप्पल उगारायला निघते! मला तर खरा संसार तिच्यातच दिसतो. विमान आलं तरी ती वैकुंठाला जात नाही, घरी राहते.

मुंबईत हा चित्रपट वर्षाहून जास्त चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. त्यातलं एक गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं, पण लोक ते तुकोबांचाच अभंग समजून म्हणू लागले. माझ्या सासूबाईंनी तो जत्रेतल्या तंबूत पाहिला. पडद्यावर तुकोबा आले की बाया बसल्या जागी हात जोडायच्या.

पुढे विष्णुपंत संत तुलसीदास झाले, नरसी भगत झाले. लोकांना ते संतच हवे होते. १९४३ मध्ये, जेमतेम पन्नाशीत, ते गेले.

संग्रामपुरातल्या आमच्या शेजारच्या आजींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पदराने काच पुसली आणि रोजच्यासारखा बुक्का लावला.