रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ क्रिस्टियान कार्ल डिझेल (जन्म : १८ मार्च १८५८, पॅरिस, मृत्यू : २९ सप्टेंबर १९१३, इंग्लिश खाडी) हे जर्मन अभियंते व संशोधक होते. डिझेल इंजिनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. हे इंजिन व त्यात वापरले जाणारे खनिज इंधन या दोहोंना त्यांचेच नाव मिळाले. मात्र त्यांचे इंजिन एकाच इंधनासाठी बनलेले नव्हते. वनस्पती तेलावरही ते चालू शकते, हे त्यांच्या हयातीतच सिद्ध झाले होते.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

डिझेल यांचे आईवडील मूळचे बव्हेरियाचे होते. वडील थिओडोर हे पॅरिसमध्ये चामडी वस्तू बनवण्याचा व्यवसाय करीत. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू झाल्यावर या जर्मन कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला आऊग्सबुर्ग येथे गणिताचे शिक्षक असलेल्या नातलगांकडे शिक्षणासाठी पाठवण्यात आले. पुढे म्युनिक येथील तंत्रशिक्षण संस्थेत ते कार्ल फोन लिंडे यांचे विद्यार्थी झाले. विषमज्वरामुळे १८७९ मध्ये त्यांची अंतिम परीक्षा हुकली; १८८० मध्ये ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. त्यानंतर पॅरिसमध्ये लिंडे यांच्या शीतयंत्रांच्या व्यवसायात त्यांनी काम केले. १८८३ मध्ये त्यांचा विवाह मार्टा फ्लाशे यांच्याशी झाला. या दांपत्यास तीन अपत्ये झाली.

इंजिनाचा शोध

त्या काळच्या वाफेच्या इंजिनात इंधनातील उष्णतेचा फार मोठा भाग वाया जात असे. हा अपव्यय टाळण्याचा विचार डिझेल यांच्या मनात विद्यार्थिदशेपासून होता. सिलिंडरमधील हवा अतिशय दाबली असता ती इतकी तापते की, तीत सोडलेले इंधन ठिणगीशिवाय पेट घेते. या तत्त्वावरील इंजिनाचे एकस्व त्यांना १८९३ मध्ये मिळाले. त्याच वर्षी या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आऊग्सबुर्गचा यंत्रनिर्मिती कारखाना व क्रुप या उद्योगसमूहाने प्रयोगांसाठी साहाय्य केले.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या चाचणीत इंधन पेटले. पण दाब मोजणारे उपकरण फुटले आणि इंजिन स्वतःच्या शक्तीवर चालू शकले नाही. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते सुमारे एक मिनिट आपल्या बळावर चालले. १८९७ मध्ये प्राध्यापक मोरिट्स श्र्योटर यांनी घेतलेल्या अधिकृत चाचणीत त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली.

वनस्पती तेलाचा प्रयोग

१९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. या प्रयोगाचे श्रेय अनेकदा खुद्द डिझेल यांना दिले जाते. प्रत्यक्षात तो ऑटो कंपनीने फ्रेंच सरकारच्या सूचनेवरून केला होता. ज्या आफ्रिकी वसाहतींत भुईमूग विपुल पिकतो, तेथे बाहेरून कोळसा वा तेल न आणता स्थानिक इंधनावर यंत्रे चालावीत, हा त्यामागचा हेतू होता. खनिज तेलासाठी बनवलेले ते इंजिन कोणताही बदल न करता या तेलावर चालले. डिझेल यांनी नंतर स्वतः असे प्रयोग केले. वनस्पती तेलांचे महत्त्व आज नगण्य वाटले तरी पुढे वाढू शकेल, असे मत त्यांनी १९१२ मध्ये मांडले.

सामाजिक विचार

लहान, स्वस्त इंजिनामुळे छोटे कारागीर मोठ्या कारखान्यांपुढे टिकाव धरतील, अशी डिझेल यांची अपेक्षा होती. १९०३ मध्ये त्यांनी कामगारांच्या सहकारी व्यवस्थेविषयी एक पुस्तक लिहिले. त्यास फारसा प्रतिसाद मिळाला नाही. त्यांचे इंजिन सुरुवातीस मोठे व जड असल्याने कारखाने, वीजकेंद्रे व जहाजे यांतच त्याचा प्रसार झाला.

अखेरचे दिवस

एकस्वाविषयीचे वाद, ढासळलेली प्रकृती व फसलेली गुंतवणूक यांमुळे डिझेल कर्जबाजारी झाले. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून ड्रेस्डेन या जहाजाने इंग्लंडला निघाले. रात्री जेवणानंतर ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी ते जहाजावर नव्हते. काही दिवसांनी एका डच नौकेला समुद्रात मृतदेह आढळला. त्याच्याजवळील वस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. ही आत्महत्या असावी, असे बहुतेक चरित्रकार मानतात. तथापि अपघात व घातपात यांचे तर्कही मांडले गेले आहेत.

वारसा

वनस्पती तेल दाट असल्याने इंजिनात त्याचे कीटण साठते. १९३७ मध्ये बेल्जियममध्ये जी. शवान यांनी अल्कोहोलच्या प्रक्रियेने पाम तेल पातळ करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. आजचे जैवडिझेल याच मार्गाने बनते. मात्र ते पूर्ण जळाले नाही, तर सिलिंडरच्या भिंतीवरून वंगणतेलात उतरून ते तेल पातळ करू शकते. म्हणून नव्या मोटारीत जैवडिझेलचे मिश्रण किती चालेल, याची मर्यादा निर्माते ठरवून देतात.

भारतात १० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन म्हणून पाळला जातो. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.