विनायक दामोदर सावरकर

विनायक दामोदर सावरकर (जन्म : भगूर, जिल्हा नाशिक, २८ मे १८८३, मृत्यू : मुंबई, २६ फेब्रुवारी १९६६) हे भारतीय क्रांतिकारक, कवी, लेखक, भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते आणि हिंदुत्ववादी राजकारणी होते. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांना त्यांचे नाव आणखी एका कारणाने परिचित आहे. १९१० साली फ्रान्समधील मार्सेलिस बंदरात ब्रिटिशांच्या कैदेतून निसटून ते किनाऱ्यावर पोहोचले आणि काही मिनिटांतच पुन्हा ब्रिटिशांच्या हाती दिले गेले. फरारी व्यक्ती प्रत्यर्पण करारातील रीत न पाळता एका देशाकडून दुसऱ्या देशाच्या हाती गेली, तर ती परत करावी लागते काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. हेग येथील कायम लवाद न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी त्यावर दिलेला निवाडा प्रत्यर्पणविषयक ग्रंथांत आजही चर्चिला जातो.

प्रारंभिक जीवन

सावरकरांच्या वडिलांचे नाव दामोदरपंत व आईचे नाव राधाबाई होते. गणेश (बाबाराव) हे थोरले आणि नारायण हे धाकटे बंधू. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्याने घराची जबाबदारी बाबारावांवर आली. नाशिक येथे शिकत असताना विनायकरावांनी सहकाऱ्यांसह मित्रमेळा ही संस्था स्थापन केली. १९०४ मध्ये तिचे रूपांतर अभिनव भारत या गुप्त क्रांतिकारी संघटनेत झाले. १९०१ साली त्यांचा विवाह यमुनाबाई (माई) यांच्याशी झाला. पुढील शिक्षणासाठी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. वंगभंगाच्या चळवळीच्या काळात, ऑक्टोबर १९०५ मध्ये, पुण्यात विदेशी कापडाची होळी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्याबद्दल त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले.

लंडनमधील वास्तव्य

श्यामजी कृष्ण वर्मा यांनी ठेवलेली शिष्यवृत्ती मिळवून सावरकर जून १९०६ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला निघाले. या शिष्यवृत्तीसाठी लोकमान्य टिळकांनी त्यांची शिफारस केली होती. लंडनमध्ये ते हायगेट भागातील इंडिया हाऊस या विद्यार्थी वसतिगृहात राहत आणि ग्रेज इन या संस्थेत कायद्याचा अभ्यास करत. इटालियन देशभक्त जोसेफ मॅझिनी यांच्या लेखनाचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. १८५७ च्या उठावाला स्वातंत्र्ययुद्ध ठरवणारा त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. सरकारने त्याच्यावर प्रसिद्धीपूर्वीच बंदी घातली होती.

१९०९ हे वर्ष निर्णायक ठरले. जूनमध्ये बाबाराव सावरकरांना राजद्रोहात्मक कविता प्रसिद्ध केल्याबद्दल काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. १ जुलै रोजी इंडिया हाऊसशी संबंधित मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायली यांची गोळ्या झाडून हत्या केली. २१ डिसेंबर रोजी नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांना अनंत कान्हेरे यांनी नाट्यगृहात गोळ्या घालून ठार केले. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. या हत्येत वापरलेले पिस्तूल सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी असल्याचा सरकारचा आरोप होता.

अटक आणि हिंदुस्थानात पाठवणी

१९१० च्या प्रारंभी सावरकर पॅरिसला गेले. १३ मार्च १९१० रोजी ते लंडनला परतताच व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली. सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारण्यास साहाय्य, शस्त्रांचा पुरवठा, जॅक्सन यांच्या हत्येस चिथावणी आणि राजद्रोही भाषणे असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. राजद्रोही भाषणांच्या आरोपांपैकी काही १९०६ मध्ये हिंदुस्थानात केलेल्या भाषणांसंबंधी होते.

त्यांना मुंबईला नेण्यासाठी सरकारने १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्याचा आधार घेतला. परक्या देशांशी होणारे प्रत्यर्पण १८७० च्या प्रत्यर्पण कायद्यानुसार आणि त्या त्या देशाशी झालेल्या करारानुसार चाले. ब्रिटन व फ्रान्स यांच्यात असा करार १८७६ मध्ये झाला होता. राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी कोणालाही परदेशाच्या हवाली करू नये, हे १८७० च्या कायद्याचे एक मुख्य तत्त्व होते. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी पाठवताना लागू होणाऱ्या १८८१ च्या कायद्यात मात्र राजकीय गुन्ह्याचा अपवाद नव्हता. पाठवणी अन्यायकारक किंवा जाचक ठरेल असे वाटल्यास न्यायालय ती नाकारू शके, एवढाच बचाव आरोपीच्या हाती होता.

बो स्ट्रीट येथील दंडाधिकाऱ्यांनी मे १९१० मध्ये सावरकरांना हिंदुस्थानात पाठवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध बचाव पक्षाने वरिष्ठ न्यायालयांत दाद मागितली. आरोपी चार वर्षे इंग्लंडमध्ये राहत असल्याने खटला तेथेच चालावा आणि मुंबईला पाठवणे जाचक ठरेल, असा त्याचा युक्तिवाद होता. तो जूनमध्ये फेटाळण्यात आला. खटला कोठे चालतो यावर बरेच अवलंबून होते. लंडनमध्ये खटला ज्यूरीसमोर चालला असता. मुंबईत १९०८ च्या कायद्यान्वये तो तीन न्यायाधीशांच्या विशेष न्यायाधिकरणापुढे, ज्यूरीविना चालणार होता आणि त्याच्या निकालावर अपील नव्हते.

मार्सेलिसची घटना

१ जुलै १९१० रोजी मोरिया ही बोट सावरकरांना घेऊन इंग्लंडहून निघाली. स्कॉटलंड यार्डचे निरीक्षक पार्कर, मुंबई पोलिसांचे अधिकारी पॉवर आणि काही हिंदी शिपाई पहाऱ्यावर होते. तत्पूर्वी, २९ जून रोजी, लंडन पोलिसांनी पॅरिसमधील पोलीस प्रमुखांना पत्र लिहून बोट ७ किंवा ८ जुलैला मार्सेलिसला थांबेल असे कळवले होते आणि सावरकरांच्या सहकाऱ्यांकडून त्यांना सोडवण्याचा प्रयत्न होऊ नये यासाठी सहकार्य मागितले होते.

७ जुलै रोजी बोट मार्सेलिसला लागली. ८ जुलैच्या सकाळी सावरकर शौचालयात गेले आणि तेथील गोल खिडकीतून अंग बाहेर काढून त्यांनी समुद्रात उडी घेतली. पोहत ते धक्क्यावर चढले आणि धावू लागले. फ्रेंच सागरी पोलीस दलाच्या एका हवालदाराने त्यांना पकडले. बोटीवरून पाठलाग करत आलेल्या तिघांच्या साहाय्याने त्यांना पुन्हा बोटीवर नेण्यात आले. ९ जुलैच्या सकाळी बोट मार्सेलिसहून सुटली.

फ्रान्सच्या भूमीवर सावरकर काही मिनिटेच होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या मिनिटांनी सारा प्रश्न बदलला. धक्क्यावर पाय ठेवताच साम्राज्यांतर्गत पाठवणीचा १८८१ चा कायदा लागू होण्याची शक्यता संपली. त्यांना परत मिळवायचे तर ब्रिटनला फ्रान्सकडे प्रत्यर्पणाची रीतसर मागणी करावी लागली असती. ती फ्रेंच अधिकाऱ्यांपुढे तपासली गेली असती आणि गुन्हा राजकीय आहे काय, हा प्रश्न तेथे उपस्थित झाला असता. हवालदाराच्या कृतीने ही सर्व प्रक्रिया टळली.

फ्रान्सची मागणी

ही घटना प्रसिद्ध होताच फ्रान्समध्ये वादळ उठले. कार्ल मार्क्स यांचे नातू जाँ लाँगे आणि समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी ल्युमानिते या वृत्तपत्रातून सावरकरांची बाजू मांडली. राजकीय निर्वासितांना आश्रय देण्याच्या फ्रान्सच्या परंपरेचा भंग झाला, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रेंच सरकारने सावरकरांना परत करण्याची मागणी केली आणि ब्रिटिश सरकारने ती अमान्य केली. अखेर २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी हा वाद हेग येथील लवादाकडे सोपवण्याचे मान्य केले. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार सावरकरांना फ्रान्सच्या स्वाधीन करावे की नाही, एवढाच प्रश्न लवादापुढे ठेवण्यात आला.

मुंबईतील खटला

२२ जुलै १९१० रोजी सावरकरांना मुंबईत उतरवण्यात आले. हेगचा निर्णय येण्याची वाट न पाहता सप्टेंबरमध्ये नाशिक कटाचा खटला सुरू झाला. मुख्य न्यायाधीश सर बेसिल स्कॉट, सर नारायण चंदावरकर आणि न्यायमूर्ती हीटन हे न्यायाधिकरणाचे सदस्य होते. बचावाच्या वकिलांत जोसेफ बॅप्टिस्टा यांचा समावेश होता. फ्रान्सच्या भूमीवरील अटक बेकायदा असल्याने न्यायाधिकरणाला आरोपीची चौकशी करण्याचा अधिकार पोहोचत नाही, हा आक्षेप मान्य झाला नाही. आरोपी न्यायालयासमोर हजर असला की त्याला तेथे कसे आणले गेले याने न्यायालयाच्या अधिकाराला बाध येत नाही, अशी भूमिका न्यायाधिकरणाने घेतली. डिसेंबर १९१० मध्ये सावरकरांना जन्मठेप काळे पाणी व मालमत्ता जप्तीची शिक्षा झाली. ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सन हत्येस साहाय्य केल्याबद्दल दुसरी जन्मठेप ठोठावण्यात आली. दोन्ही शिक्षा एकामागून एक भोगायच्या असल्याने एकूण काळ पन्नास वर्षांचा झाला.

हेगचा निवाडा

लवादाचे अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान ऑगस्त बेरनार्त होते. फ्रान्सचे लुई रेनो, ब्रिटनचे लॉर्ड डेझार्ट, नॉर्वेचे ग्राम आणि नेदरलँड्सचे साव्हॉर्निन लोमान हे अन्य सदस्य होते. १४ फेब्रुवारी १९११ रोजी काम सुरू झाले आणि दहा दिवसांत निवाडा जाहीर झाला.

ब्रिटिशांनी फसवणूक किंवा बळाचा वापर करून परक्या भूमीवरून माणूस पळवून नेलेला नाही, असे लवादाने म्हटले. कैदी बोटीवर असल्याचे फ्रेंच सरकारला आधीच कळवलेले होते. बोट सुटेपर्यंत वरिष्ठांनी हवालदाराची कृती नाकारली नव्हती. त्यामुळे त्याने आज्ञेनुसारच हे केले, असे ब्रिटिश पोलिसांना वाटणे स्वाभाविक होते. अटक व स्वाधीन करण्याच्या पद्धतीत अनियमितता झाली, हे लवादाने मान्य केले. परंतु परक्या देशाच्या अंमलदाराने चुकीने कैदी हाती दिला म्हणून तो परत करण्याचे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय कायद्याचा कोणताही नियम नाही, असा निष्कर्ष काढून त्याने फ्रान्सची मागणी अमान्य केली.

निवाड्याचे महत्त्व आणि त्यावरील टीका

निवाड्यावर अनेक कायदेपंडितांनी टीका केली. अनियमितता मान्य करूनही तिचा परिणाम नाकारणे विसंगत आहे, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. एका दुय्यम अंमलदाराने कराराबाहेर केलेली कृती सार्वभौम राष्ट्राची संमती मानता येईल काय, असेही विचारले गेले. निवाड्याच्या समर्थकांच्या मते लवादाने फ्रान्सच्या अंमलदाराच्या चुकीचे ओझे ब्रिटनवर न टाकणे योग्यच होते.

या प्रकरणात सावरकर स्वतः लवादापुढे पक्षकार नव्हते. वाद दोन सरकारांमधील होता. आश्रय देण्याचा हक्क राष्ट्राचा मानला जात असे. आश्रय मागणाऱ्या माणसाला त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात स्वतंत्र स्थान नव्हते. ज्याच्या पन्नास वर्षांच्या आयुष्याचा निर्णय होत होता, त्याची बाजू मांडणारा कोणी हेगमध्ये नव्हता. प्रत्यर्पणाच्या करारांतील अटी या कागदी औपचारिकता नसून हवाली केल्या जाणाऱ्या माणसाला मिळणारे संरक्षण आहेत, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. अटी टाळल्या गेल्या की ते संरक्षणही जाते.

स्वतंत्र भारताने १९६२ मध्ये स्वतःचा प्रत्यर्पण कायदा केला. राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी फरारी व्यक्तीला परदेशाच्या स्वाधीन करण्यास त्यात मनाई आहे. पुढे भारताने ब्रिटनशी १९९२ मध्ये आणि फ्रान्सशी २००३ मध्ये प्रत्यर्पण करार केले.

अंदमान आणि त्यानंतरचे जीवन

४ जुलै १९११ रोजी सावरकर अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये पोहोचले. तेथे त्यांना कोलू फिरवण्यासारखी कष्टाची कामे करावी लागली. १९११ पासून त्यांनी सुटकेसाठी सरकारकडे अनेक अर्ज केले. हे अर्ज म्हणजे कैदेतून बाहेर पडून कार्य करण्याचा डावपेच होता की शरणागती, यावर अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. मे १९२१ मध्ये त्यांना मुख्य भूमीवरील कारागृहात आणले गेले. ६ जानेवारी १९२४ रोजी, रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या आणि राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर त्यांची सुटका झाली. हे निर्बंध मे १९३७ मध्ये उठले.

रत्नागिरीत त्यांनी अस्पृश्यता निवारण, सहभोजने आणि भाषाशुद्धी यांसाठी कार्य केले. तेथील पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले. अंदमानातील अनुभवांवरील माझी जन्मठेप हा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३७ पासून काही वर्षे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष होते आणि १९३८ मध्ये मुंबईच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. त्यांच्या हिंदुत्वाच्या मांडणीचा भारतीय राजकारणावर मोठा प्रभाव पडला आणि तिच्यावर तेवढीच कठोर टीकाही झाली. महात्मा गांधींच्या हत्येच्या खटल्यात ते आरोपी होते. फेब्रुवारी १९४९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले.

अखेरच्या दिवसांत त्यांनी अन्न व औषधे वर्ज्य केली. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.