जॉन पोस्टेल

जॉनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट १९४३ – १६ ऑक्टोबर १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटवरील पत्ते व क्रमांक यांची नोंदवही त्यांनी सुमारे पाव शतक सांभाळली. या कामाला पुढे आयएएनए (इंटरनेट क्रमांक वाटप प्राधिकरण) असे भारदस्त नाव मिळाले. प्रत्यक्षात ते प्राधिकरण म्हणजे मुख्यतः पोस्टेलच होते.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९७४ साली पीएच.डी. मिळवली. १९७७ पासून अखेरपर्यंत ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत होते.

डोमेन नावांवर हक्क किंवा मालकी सांगणे अप्रस्तुत असून ती समाजाप्रती जबाबदारी आहे, अशी भूमिका त्यांनी १९९४ च्या आरएफसी १५९१ या दस्तऐवजात मांडली. नावावरून वाद झाल्यास नोंदणी करणाऱ्याने उभय पक्षांना एकमेकांचा संपर्क द्यावा, यापलीकडे पडू नये, असेही त्यात म्हटले आहे. आयपी पत्त्यांविषयीच्या आरएफसी २०५० चे (१९९६) ते सहलेखक होते. वाटपाविरुद्ध पायरीपायरीने आयएएनएपर्यंत दाद मागण्याची सोय त्यात होती. मात्र नोंदणी झाली म्हणजे त्या पत्त्याचा मार्ग सर्व जाळी मान्य करतीलच, अशी हमी नव्हती. दुसऱ्याचे पत्ते एखाद्या जाळ्याने आपले म्हणून जाहीर केले, की वाहतूक तिकडे वळते. यालाच मार्ग-अपहरण म्हणतात. नोंदवही खरा धारक दाखवते, पण वाहतूक परत आणू शकत नाही.

पोस्टेल यांचा अधिकारही कायद्यावर नव्हे, विश्वासावर उभा होता. २८ जानेवारी १९९८ रोजी त्यांनी मूळ नामसर्व्हर सांभाळणाऱ्या आठ जणांना, नेटवर्क सोल्यूशन्सच्या सर्व्हरऐवजी आयएएनएच्या सर्व्हरवरून माहिती घेण्यास सांगितले. सर्वांनी ते ऐकले! अमेरिकी सरकारने हरकत घेताच त्यांनी बदल मागे घेतला व ती केवळ चाचणी असल्याचे सांगितले. हे स्पष्टीकरण अनेकांना पटले नाही.

सप्टेंबर १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली. काही आठवड्यांतच, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे पोस्टेल यांचे निधन झाले. आयकॅनने १९९९ साली नावांच्या वादांसाठी लवादासारखी कार्यपद्धती लागू केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ खटल्यात, डोमेन नाव हे निव्वळ पत्ता नसून व्यापारचिन्हासारखे संरक्षणास पात्र आहे असे ठरवून, साधर्म्य असलेल्या नावाच्या वापरास मनाई केली.