पांढऱ्या लुगड्यातली पंडिता

मैत्रिणींनो, आपल्या मुलींच्या खोलीत भिंतीवर कुणाचे फोटो असतात, कधी पाहिलंय? बहुतेक नट्यांचे. त्यात मुलींचा दोष नाही, दिसतं तेच आवडतं. म्हणूनच आमच्या महिला मंडळात मी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. तेव्हा एका ताईंनी सरळ विचारलं, धर्म बदललेल्या बाईचा आदर्श मुलींपुढे कशाला ठेवायचा? प्रश्न प्रामाणिक होता. त्याचं उत्तर त्यांच्या आयुष्यातच आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने लेकीला. दुष्काळात आईवडील गेले. बहीणभाऊ पायी देशभर फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण पुढे भाऊ वारला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, 1882 मध्ये नवराही गेला. पदरात लहानगी मनोरमा.

रमाबाई रडत बसल्या नाहीत. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी सरकारच्या हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. धर्म नवा घेतला तरी राहणी मात्र इथलीच ठेवली. जेवण शाकाहारी, अंगावर साधं पांढरं लुगडं. तिथल्या धर्मगुरूंचं म्हणणंही त्यांनी डोळे मिटून मानलं नाही, पटेल तेवढंच घेतलं.

1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे आधीच्या गोदूबाई, याच सदनातल्या. मुलींना बाटवतात म्हणून 1893 मध्ये मोठं वादळ उठलं. कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांची भीती आपण समजून घेऊ शकतो. पण काम थांबलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी बायकामुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात या मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. आंधळ्या मुलींसाठीही तिथे सोय झाली.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. एवढी संस्कृत जाणणारी बाई, पण खेड्यातल्या बाईला कळेल असे शब्द शोधत बसली. 1921 मध्ये मनोरमा गेली. ते दुःख गिळून त्यांनी काम पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला देह ठेवला.

आता त्या ताईंच्या प्रश्नाबद्दल. धर्म कुठला हे ज्याचं त्याने ठरवावं. मुलींनी घ्यायचं ते दुसरंच. पदव्या मिळाल्यावरही मिरवायचं नाही, शिकलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पाडायचं आणि लोक बोलले तरी पटलेलं सोडायचं नाही. आज रात्री जेवताना लेकीला एवढी गोष्ट सांगाल? भिंतीवरचा फोटो काढायला मात्र सांगू नका. ते तिचं तिला ठरवू द्या.